आधी पिवळं दाखवा!

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मला भरल्या पानावरून उठवण्यात आलं. उठवणारा दुसरा-तिसरा कुणी नसून माझाच चिरंजीव, इयत्ता आठवी. माझा गुन्हा एवढाच, की भरल्या वांग्याचा पहिला घास घेऊन मी म्हटलं, "आईच्या हातची चव काही औरच होती!" यात कुणाचीही निंदा नव्हती. एका दिवंगत माऊलीला तिच्या मुलाने वाहिलेली ती साधी श्रद्धांजली होती. पण आमच्या सौ.ने डाव कढईवर आपटला, चिरंजीव ताडकन् उभा राहिला, त्याने शर्टाच्या खिशातून लालभडक पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला, तो माझ्या नाकासमोर उंच धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट बाल्कनीकडे रोखलं.

"हे रे काय?" मी.

"रेड कार्ड. बाहेर!"

मी निरखून पाहिलं. माझ्याच मेहुण्याच्या लग्नाची पत्रिका कापून ते बनवलं होतं. मागच्या बाजूला 'आपले कृपाभिलाषी' एवढी अक्षरं शाबूत होती.

"अरे, पण आधी पिवळं दाखवतात ना?" मी कायद्यावर बोट ठेवलं. बँकेत वीस-बावीस वर्षं काढलेला माणूस ताट सोडेल, पण नियम सोडणार नाही.

"सीरियस फाउलला डायरेक्ट रेड असतं, बाबा."

"असतंच मुळी!" सौ. म्हणाली. हिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. गोलकीपरला ती अजून 'तो जाळ्यातला मुलगा' म्हणते. पण या एका नियमावर तिचं प्रभुत्व वादातीत निघालं.

फिर्यादी आणि पंच एकाच रक्ताचे असले की आरोपीने मुकाट्याने बाहेर जावं. मी बाल्कनीत गेलो आणि वाळत घातलेल्या टॉवेलांच्या सहवासात उभा राहिलो. पोट रिकामं असलं की माणूस एक तर अध्यात्माकडे वळतो, नाही तर इतिहासाकडे. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे अध्यात्म झेपत नाही. तेव्हा मी विचार करू लागलो, की हे लाल कार्ड आलं कुठून? पहिल्यांदा ते काढलं कुणी? आणि त्या बिचाऱ्याला जेवण तरी मिळालं होतं का?

तसं लाल रंगाशी आमचं नातं जुनं. कॉमर्स कॉलेजात आम्हाला पहिला धडा मिळाला, की काळ्या शाईत आहे ते आपलं आणि लाल शाईत आहे ते आपल्या डोक्यावरचं. पुढे बँकेत लागलो तोवर जाडजूड लेजरं माळ्यावर गेली होती आणि त्यांच्या जागी संगणक येऊन बसला होता. पण लाल रंग काही हटला नाही. खात्यात पैसे नसले की आकडा लाल होतो, पासवर्ड चुकला की चौकोन लाल होतो आणि ३१ मार्चच्या रात्री ताळा जमला नाही की साहेब लाल होतात. गंमत म्हणजे हाच रंग कपाळावरच्या कुंकवाचा, देवीच्या साडीचा आणि लग्नाच्या पत्रिकेचा. एकाच रंगाला इतकी परस्परविरोधी कामं सांगणारा समाज दुसरा नसेल, असं मला वाटत होतं. पण चौकशी केल्यावर कळलं, की या बाबतीत साहेबाचा देशही काही कमी नाही.

तर ऐका लाल कार्डाची कुळकथा.

या कथेचा नायक म्हणजे केन ॲस्टन नावाचे एक इंग्रज गृहस्थ. जन्म १९१५ चा. पेशाने शाळामास्तर, एका प्राथमिक शाळेचे हेडमास्तर आणि छंद म्हणून फुटबॉलचे रेफ्री. दुसऱ्या महायुद्धात घोट्याच्या दुखण्यामुळे विमानदलाने त्यांना घेतलं नाही, तेव्हा ते तोफखान्यात गेले आणि तिथून चक्क आपल्याकडच्या, म्हणजे त्या वेळच्या ब्रिटिश हिंदी सैन्यात आले. युद्ध संपलं तेव्हा ते लेफ्टनंट कर्नल होते. सिंगापूरच्या चांगीमध्ये युद्धगुन्हेगारांवर जे खटले चालले, त्या न्यायाधिकरणातही त्यांनी काम केलं. म्हणजे बघा, मास्तर, कर्नल, न्यायाधिकरण आणि रेफ्री! एवढा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाचं मैदानावर कुणी ऐकणार नाही, असं तुम्हाला वाटेल का? मलाही वाटलं नव्हतं.

२ जून १९६२. चिली देशाची राजधानी सांतियागो. जागतिक फुटबॉल स्पर्धेतला यजमान चिली विरुद्ध इटली हा सामना. दोनच वर्षांपूर्वी, मे १९६० मध्ये, चिलीत आजवर यंत्रांनी नोंदलेला सर्वांत मोठा भूकंप झाला होता. रिश्टर वगैरे भानगडीत न पडता सांगायचं तर ९.५ तीव्रतेचा. त्यातून सावरत त्या गरीब देशाने स्पर्धा भरवली होती, आणि इटलीच्या दोन वार्ताहरांनी आपल्या वर्तमानपत्रांत सांतियागोच्या गरिबीची आणि गैरसोयीची यथेच्छ टवाळी केली. लग्नघरी जेवून बाहेर पडल्यावर वरपक्षाने मांडवाला नावं ठेवावी, तसलाच हा प्रकार. वार्ताहर काढता पाय घेऊन निसटले आणि मार खायला खेळाडू उरले.

सामना सुरू झाला आणि पहिला फाउल बारा सेकंदांत झाला. आमच्याकडे बँकेचं शटर वर गेल्यावर पहिलं भांडण व्हायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. आठव्या मिनिटाला ॲस्टनसाहेबांनी इटलीच्या फेरीनीला बाहेर काढलं. फेरीनी जाईना. ॲस्टनना इटालियन येत नाही, फेरीनीला इंग्रजी कळत नाही. अखेर पोलिसांनी धरून त्याला मैदानाबाहेर नेलं. चिलीच्या लिओनेल सांचेझने ठेवून दिलेल्या एका ठोशात इटलीच्या मास्कियोचं नाक फुटलं. सांचेझचे वडील मुष्टियोद्धे होते, तेव्हा घराणं राखलं म्हणायचं. तो ठोसा मात्र पंचांच्या नजरेतून निसटला. पुढे इटलीचा डेव्हिड यालाही बाहेर जावं लागलं. पोलीस पुन्हा पुन्हा मैदानात येत होते. चिलीने २-० असा सामना जिंकला आणि फुटबॉलच्या इतिहासात त्याला 'सांतियागोची लढाई' हे नाव पडलं. आपण सामना चालवत नव्हतो, लष्करी कवायतीत पंचगिरी करत होतो, असं ॲस्टन पुढे सांगत.

हा झाला पहिला अंक. दुसरा अंक लंडनमध्ये, वेम्ब्ली मैदानावर, २३ जुलै १९६६ रोजी. इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना, जागतिक स्पर्धेतला उपउपांत्य सामना. रेफ्री होते रुडोल्फ क्राइटलाइन, जर्मनीचे. मूर्ती लहान आणि पोटापाण्याचा धंदा शिंप्याचा. अर्जेंटिनाचा कर्णधार रात्तीन, हा ताडमाड उंच. तो सारखा क्राइटलाइन यांच्या मागे लागून काहीबाही बोलत होता. पस्तिसाव्या मिनिटाला क्राइटलाइन यांनी त्याला बाहेर जायला सांगितलं. आता मौज अशी, की रात्तीनला जर्मन येत नव्हतं आणि क्राइटलाइन यांना स्पॅनिश. तरीही तोंडाळपणाबद्दल शिक्षा झाली! भाषा न कळता नुसत्या चेहऱ्यावरून अपशब्द ओळखण्याची ही विद्या फक्त बायकांना अवगत असते अशी माझी समजूत होती. शिंप्यांनाही असते, हे नव्याने कळलं. मापं घेता घेता माणूस ओळखायला शिकत असतील.

रात्तीनचं म्हणणं, मला दुभाषा द्या. मी कर्णधार आहे, मला काय म्हणायचंय ते कळू द्या. आठेक मिनिटं तो हलला नाही. त्या वेळी स्पर्धेतल्या पंचांची सारी व्यवस्था आमच्या ॲस्टनमास्तरांकडे होती. ते मैदानात उतरले आणि समजूत घालून त्याला बाहेर काढलं. जाता जाता तो राणीसाहेबांसाठी अंथरलेल्या लाल गालिच्यावर जाऊन बसला, आणि कोपऱ्यावरचं ब्रिटिश झेंड्याचं निशाण त्याने मुठीत चुरगळलं. इंग्लंड १-० असं जिंकलं.

पण खरी मेख दुसऱ्या दिवशी निघाली. वर्तमानपत्रांत आलं, की या सामन्यात इंग्लंडच्या बॉबी आणि जॅक या दोघा चार्लटनबंधूंनाही रेफ्रीने ताकीद दिली होती. इकडे इंग्लंडच्या गोटात याचा कुणाला पत्ताच नाही! संघाचे व्यवस्थापक रॅमसे यांना फुटबॉल महासंघाकडे खुलाशाची विचारणा करावी लागली, की बाबांनो, ताकीद दिली होती की नव्हती?

वाचकहो, इथे क्षणभर थांबा. कारण माझ्या मते लाल कार्डाचा जन्म रात्तीनच्या रागातून झाला नाही, तो या विचारणेतून झाला. ज्याला ताकीद दिली त्यालाच ती कळलेली नाही. पंचांनी वहीत नोंद केली, नियमाप्रमाणे काम झालं, कागद पूर्ण झाला. फक्त ज्याच्याविषयी नोंद झाली तो माणूस अंधारात. हे वाचल्यावर मला फुटबॉलच्या मैदानावर आहोत की आमच्या शाखेत, हेच कळेना.

तर ॲस्टनमास्तर मोटारीने वेम्ब्लीहून परतत होते. डोक्यात हाच घोळ, की जगातल्या कुठल्याही भाषेच्या माणसाला एका क्षणात कळेल असं काय करता येईल? केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर सिग्नल लागला. आधी पिवळा, मग लाल. मास्तर थांबले आणि तिथेच त्यांना बोध झाला. पिवळा म्हणजे जरा सांभाळून, लाल म्हणजे थांबा, तुमचा खेळ संपला. न्यूटनला सफरचंद, आर्किमिडीजला न्हाणीघर, ॲस्टनना सिग्नल. मी गेली वीस वर्षं रोज सिग्नलला थांबतोय. मला आजवर तिथे फक्त गजरे आणि मोबाइलची कव्हरं विकणारी पोरं भेटली.

घरी जाऊन त्यांनी हा विचार पत्नीला सांगितला. हिल्डाबाई काही न बोलता आतल्या खोलीत गेल्या आणि रंगीत कागदाची दोन कार्डं कापून घेऊन आल्या, एक पिवळं, एक लाल. शर्टाच्या खिशात बरोब्बर मावतील अशी. नवऱ्याच्या कल्पनेला खिशाचं माप देण्याचं काम बायकोनेच करावं लागतं, हे सत्य लंडनपासून डोंबिवलीपर्यंत सारखंच. आमच्या सौ.ला मी हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मग त्या कार्डांवर नाव कुणाचं लागलं?" मी म्हटलं, "ॲस्टनचं." ती फक्त "हं" म्हणाली. त्या 'हं'चा अर्थ कळायला मला दुभाष्याची गरज पडली नाही.

आता ज्या सिग्नलवरून ही कल्पना सुचली, त्या सिग्नलचीही एक कथा आहे. रस्त्यावरचा पहिला सिग्नल लंडनलाच, पार्लमेंटच्या इमारतीबाहेर, डिसेंबर १८६८ मध्ये उभा राहिला. तो बसवणारे नाइट हे रेल्वेचे इंजिनिअर, त्यामुळे आगगाडीचा लाल दिवा त्यांनी सरळ घोडागाडीला लावला. दिवे गॅसचे होते आणि पोलिसाने ते हाताने चालवायचे. महिन्याभराच्या आतच, २ जानेवारी १८६९ रोजी, त्याचा स्फोट झाला आणि चालवणारा पोलीस जखमी झाला. जगातला पहिला वाहतूक सिग्नल मोडला तो असा. त्यानंतर सिग्नल मोडण्याची परंपरा आपण मोठ्या निष्ठेने चालवत आलो आहोत.

धोक्याला लालच का, याला शास्त्रही आहे. दिसणाऱ्या प्रकाशात लाल रंगाची लहर सर्वांत लांब. हवेतल्या कणांनी तो इतर रंगांपेक्षा कमी विखुरला जातो, म्हणून दुरूनही दिसतो. शिवाय तो रक्ताचा आणि विस्तवाचा रंग, त्यामुळे माणूस शास्त्र शिकायच्या आधीपासूनच त्याला बिचकून आहे.

१९७० साली मेक्सिकोतल्या जागतिक स्पर्धेत ही कार्डं पहिल्यांदा पंचांच्या खिशात गेली. ३१ मे रोजी मेक्सिको विरुद्ध सोव्हिएत रशिया या उद्घाटनाच्याच सामन्यात जर्मन रेफ्री चेन्शर यांनी पिवळं कार्ड काढलं. आणि लाल? सबंध स्पर्धेत एकदाही नाही! ज्या कार्डासाठी एवढा खटाटोप केला, ते खिशातून बाहेर काढायची वेळच आली नाही. लोकांना ही योजनेची फजिती वाटेल. मला तो तिचा सर्वांत मोठा विजय वाटतो. घरात छत्री आहे म्हणून पाऊस पडलाच पाहिजे, असं थोडंच आहे?

लाल कार्ड बाहेर पडलं ते १४ जून १९७४ रोजी, बर्लिनच्या ऑलिम्पिक मैदानावर. तुर्कस्तानचे रेफ्री बाबाजान यांनी ते दाखवलं, आणि ज्याला दाखवलं त्याचा देश कुठला? चिली! ज्या देशातल्या सामन्यातून ही सारी कथा सुरू झाली, तोच. खेळाडूचं नाव कार्लोस काझेली. पश्चिम जर्मनीचा फोग्ट्स त्याला सावलीसारखा चिकटून होता, लाथा खाऊन खाऊन काझेलीने एक परत केली आणि जागतिक स्पर्धेतल्या पहिल्या लाल कार्डाचा तो मानकरी झाला.

इथवर मी ही गोष्ट हसत हसत वाचत होतो. पुढे हसू आवरलं. ११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीत लष्कराने सत्ता बळकावली होती. 'सांतियागोची लढाई' ज्या मैदानावर झाली, त्याच मैदानाचा नंतर तुरुंग झाला. हजारो माणसं तिथे कोंडली, तिथे छळ झाले, खून झाले. त्याच मैदानावर त्या नोव्हेंबरात पात्रता सामना होता. सोव्हिएत रशियाने तिथे खेळायला नकार दिला, तेव्हा चिलीच्या खेळाडूंना समोर प्रतिस्पर्धी नसताना मोकळ्या जाळ्यात गोल मारायला लावला. म्हणे जिंकलात, चला जर्मनीला! संघ निघायच्या आधी हुकूमशहा पिनोशे खेळाडूंना भेटायला आला, तेव्हा काझेलीने हात पाठीमागे बांधून ठेवले, पुढे केले नाहीत. आणि त्याच्या आईला लष्कराने पकडून नेलं होतं. तिचा छळ झाला.

त्या आईने चौदा वर्षं वाट पाहिली. १९८८ मध्ये पिनोशेला आणखी मुदत द्यायची का, यावर चिलीत कौल घेतला गेला. 'नको' म्हणणाऱ्यांच्या प्रचारात टीव्हीवर एक साधी, वयस्कर बाई येऊन आपल्यावर काय गुदरलं ते शांतपणे सांगते. मग बाजूला काझेली दिसतो आणि म्हणतो, की ही माझी आई. ५ ऑक्टोबर १९८८ रोजी लोकांनी बहुमताने 'नको' म्हटलं. एका अर्थी, अख्ख्या देशाने मिळून दाखवलेलं ते लाल कार्डच. फक्त त्याआधी पिवळं दाखवायची सोय तिथे पंधरा वर्षं कुणाला नव्हती.

असो. जड झालं थोडं. पण इतिहासाचं हे असंच असतं, चकली म्हणून तोंडात टाकावी आणि मध्येच खडा लागावा.

पुढे कार्डांचा प्रसार जगभर झाला. इंग्लंडच्या लीगमध्ये मात्र १९७६ मध्ये आलेली कार्डं १९८१ मध्ये पुन्हा बंद करण्यात आली, कारण रेफ्री ती फारच नाटकीपणे मिरवू लागले होते, अशी तक्रार झाली. १९८७ मध्ये ती परत आली. मला याचं मुळीच नवल वाटलं नाही. ज्याच्या हाती शिक्का असतो तो उमटवायला हात शिवशिवतोच. आमच्याकडे 'परत' असा रबरी शिक्का आहे. नवा कारकून तो पहिल्या दिवशी जितक्या जोमाने मारतो, तितक्या जोमाने पोस्टातही कुणी मारत नसेल.

बर्लिनच्या त्याच मैदानावर ९ जुलै २००६ रोजी, जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, फ्रान्सच्या झिदानने इटलीच्या मातेराझ्झीच्या छातीत डोकं हाणलं आणि लाल कार्ड घेऊन तो विश्वचषकाच्या शेजारून खाली मान घालून आत गेला. तो त्याच्या आयुष्यातला शेवटचा सामना. एवढी झळझळीत कारकीर्द आणि शेवटचं पान लाल शाईत!

इतर खेळांनीही कार्डं उचलली, पण प्रत्येकाने आपापल्या परीने. हॉकीत तीन, हिरवं तिकोनी, पिवळं चौकोनी आणि लाल गोल. म्हणजे रंग कळला नाही तर निदान भूमिती कळावी. आपल्या कबड्डीतही हिरवं, पिवळं, लाल असतं. व्हॉलीबॉलमध्ये लाल कार्डाने माणूस बाहेर जात नाही, नुसता एक गुण समोरच्याला मिळतो. बॅडमिंटनला लालही पुरलं नाही, तिथे त्याच्यावर काळं आहे. क्रिकेटला सभ्यतेचा अभिमान, त्यामुळे तिथे बराच काळ कार्ड हा विनोदाचा विषय होता. १७ फेब्रुवारी २००५ रोजी ऑकलंडला झालेल्या पुरुषांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय ट्वेन्टी-ट्वेन्टी सामन्यात मॅक्ग्राने सरपटी चेंडू टाकायचं नाटक केलं, तेव्हा पंच बिली बाउडन यांनी खिशातून लाल कार्ड काढून सगळ्यांना हसवलं. पण २०१७ च्या नियमावलीत गंभीर गैरवर्तनाबद्दल खेळाडूला मैदानाबाहेर काढायची तरतूद आलीच. आणि २०२३ मध्ये कॅरिबियन लीगमध्ये षटकं संथ टाकल्याबद्दल लाल कार्ड निघालं. बाहेर कुणी जायचं ते कर्णधाराने ठरवायचं. पोलार्डने नारायणला पाठवलं, ज्याची चारही षटकं टाकून झाली होती! हा पोलार्ड बँकेत असता तर हेड ऑफिसला पोचला असता.

खेळाबाहेर तर याहून गंमत. अमेरिकेत रानावनातले वणवे विझवायला जाणाऱ्यांकडे एक पात्रतेचं कार्ड असतं, त्याला तिथे लाल कार्डच म्हणतात. ते नसेल तर आगीजवळ फिरकू देत नाहीत. म्हणजे फुटबॉलमध्ये लाल कार्ड मिळालं की बाहेर, तिथे मिळालं की आत! आणि आपल्या महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून शिधापत्रिका तीन रंगांच्या झाल्या, पिवळी, केशरी आणि पांढरी. इथे पिवळं कार्ड ही ताकीद नसून आधार आहे. आमचं पांढरं. सरकारने आमच्याकडे पाहून 'खेळ चालू द्या' म्हटलेलं दिसतं.

एवढं सगळं हसतखेळत सांगितलं, पण बाल्कनीत टॉवेलांमध्ये उभा असताना मला आठवत होतं ते निराळंच. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारची गोष्ट. पेन्शनचा दिवस, काउंटरपुढे ही रांग. एक वृद्ध गृहस्थ आले, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी पैसे काढायची स्लिप सरकवली. सही जुळेना. संगणकावरची सही ताठ, वळणदार, आणि स्लिपवरची म्हणजे भूकंपमापकावरची रेघ. मी म्हटलं, "पुन्हा करा." त्यांनी केली. आणखी हलली. मागून कुणी तरी "आवरा हो!" म्हणालं. मी लाल पेनने स्लिपवर फुली मारली, "सही जुळत नाही" एवढं म्हटलं आणि "नेक्स्ट" म्हणून हाक दिली. मास्तरांनी स्लिप घडी करून खिशात ठेवली, छत्री उचलली आणि ते गेले. एक शब्द बोलले नाहीत.

नियमाप्रमाणे मी बरोबर होतो. फुली बरोबर, सही चूक. फक्त एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. हात थरथरू लागला, सही होईनाशी झाली, तर दोन साक्षीदारांसमोर, त्यांतला एक बँकेचा, अंगठा उमटवून पैसे काढता येतात. त्याचा नियम आहे. तो सांगायला मला पाऊण मिनिट लागलं असतं. पिवळं कार्ड माझ्या खिशात होतं, आणि मी डायरेक्ट लाल काढलं होतं. भरल्या वांग्यापायी कुरकुरणाऱ्या माणसाला हे बाल्कनीत उभं केल्याशिवाय कळलं नाही.

सोमवारी मी खात्यावरचा नंबर काढून फोन लावला. मंगळवारी मास्तर रिक्षाने आले. मी त्यांना आत खुर्चीवर बसवलं, साहेबांना साक्षीला उभं केलं, दुसरे साक्षीदार म्हणून रांगेतलेच एक ग्राहक पुढे आले. अंगठा उमटला, पैसे मोजून झाले. मी चाचरत म्हटलं, "मास्तर, शुक्रवारी माझं जरा चुकलंच."

ते शाईने निळा झालेला अंगठा रुमालाला पुसत म्हणाले, "अहो, चालायचंच. मी छत्तीस वर्षं लाल शाईने वह्या तपासल्या. पण एक पाळलं. नापास करायच्या आधी पोराच्या बापाला एक चिठ्ठी धाडत असे."

"पिवळ्या कागदावर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"छे हो, पाठकोऱ्या. रंगाचं काय घेऊन बसलात? वेळेवर पोचली म्हणजे झालं."

वेम्ब्लीच्या सामन्यानंतर ॲस्टनमास्तरांच्या मनात जे आलं, ते या मास्तरांनी पाठकोऱ्या कागदावर छत्तीस वर्षं केलं होतं. त्यांना कुणी जागतिक स्पर्धेला बोलावलं नाही, एवढंच.

घरी आल्यावर मी चिरंजीवाला पहिली सूचना केली, की आजपासून या घरात आधी पिवळं दाखवायचं. घटनादुरुस्ती मंजूर झाली. हळदीकुंकवाचं एक जुनं आमंत्रण कापून सौ.ने स्वतः पिवळं कार्ड तयार केलं, आणि खिशात मावतंय ना, तेही पाहून घेतलं. हिल्डाबाईंची परंपरा!

पुढच्या रविवारी मटकीची उसळ होती. मी पहिला घास घेतला आणि म्हटलं, "आईच्या हातची..."

समोर पिवळं चमकलं.

"...आठवण झाली," मी म्हटलं, आणि दोनदा उसळ मागून घेतली. लाल कार्ड चिरंजीवाच्या खिशातच आहे. त्याला अजून बाहेर पडायची वेळ आलेली नाही. १९७० साली मेक्सिकोत जे घडलं, ते सध्या आमच्या स्वयंपाकघरात घडतंय.